झाडीपट्टीचे तलाव आणि मरळीचा हंगाम

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली, तर ती सोडू नये. वडसा मागे पडते, गाडी वैनगंगेचा पूल ओलांडते आणि ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशी स्टेशने एकामागून एक येऊ लागतात. बाहेर धानाच्या बांध्या, त्यांच्यामागे जंगलाची काळी रेघ आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक तलाव. कुठे पाणी उघडे चकाकते, कुठे ते कमळाच्या पानांनी झाकलेले असते. कुठे तर पाणी दिसतच नाही, नुसते हिरवे गवत दिसते. शहरातून आलेल्या प्रवाशाला वाटते, हा तलाव मेला.

पाळीवर बसलेल्या ढिवर बांधवाला विचारा. तो हसेल आणि विचारील, "गवत कोणते आहे, ते पाहिले का?" एका गवतात मरळ राहते, दुसऱ्या गवतातून ती कायमची निघून जाते. हा फरक ज्याला कळला, त्याला झाडीपट्टीचे तलाव कळले. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या हजारो कष्टकरी कुटुंबांचे पोट या फरकावर अवलंबून आहे.

तलाव बांधले कुणी?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याआधी हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, जुना चांदा. येथे पाऊस चांगला पडतो, पण चार महिन्यांत पडून जातो. धानाला तर शेवटपर्यंत पाणी लागते. म्हणून उतारावरचे पाणी मातीची पाळ घालून अडवायचे आणि खालच्या बांध्यांना द्यायचे, ही विद्या येथे गोंड राजांच्या काळापासून रुजली. जो जंगल तोडून तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळेल, असे गोंड राजांचे धोरण होते असे परंपरेने सांगितले जाते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे नाव मोठे आहे. पण पाळीवर माती टाकणारे हात गावातल्या सगळ्याच कष्टकऱ्यांचे होते, हे विसरता येत नाही.

इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदोपत्री त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव' असे पडले. लोकांनी त्याची आद्याक्षरे जोडून सुटसुटीत नाव केले, मामा तलाव. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. बहुतेक जिल्हा परिषदांकडे आहेत. याशिवाय शेतातल्या लहान लहान बोड्या वेगळ्याच.

तलावाची रचना साधी, पण विचाराने केलेली. मातीच्या बांधाला पाळ म्हणतात. पाणी सोडण्याच्या दाराला तुडूम आणि जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेला सलंग म्हणतात. पाळीजवळ पाणी खोल असते. समोरच्या बाजूला, जिथून पाणी आत येते तिथे, तळ हळूहळू चढत जातो आणि पाणी उथळ होत होत जंगलाला किंवा शेताला मिळते. हा उथळ भाग पाहून अनेकांना वाटते, ही जागा वाया गेली. खरे तर माशांचे बाळंतपण याच जागेत होते.

गवताचे घर

उथळ पाण्यात नाना तऱ्हेच्या वनस्पती असतात. काही पूर्ण पाण्याखाली राहतात, चिला त्यांपैकी एक. काहींची मुळे तळाशी आणि पाने पाण्यावर असतात, जसे कमळ आणि पोयणी. काठाच्या दलदलीत देवधान म्हणजे रानटी धान उगवते. पाण्याखालच्या वनस्पती दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात. त्यांच्या पानांवर शेवाळ धरते, शेवाळावर किडे येतात, किड्यांवर झिंगे आणि बारीक मासळी जगते. बारीक मासळी आली की तिच्यामागे मरळ येते.

मरळ आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. लांबट गोल अंग, पाठ काळपट, पोट पांढुरके आणि डोके चपटे, सापासारखे. मोठी मरळ हाताच्या लांबीची होते. तिची आणखी एक मोठी आणि एक लहान अशा भावकीतल्या जातीही आपल्याकडे आहेत. मरळ दुसऱ्या माशांसारखी पाण्यात सतत फिरून भक्ष्य शोधत नाही. गवताच्या कडेला ती निश्चल पडून राहते. बेडूक पानावरून उडी मारतो, लहान मासा गवतातून बाहेर डोकावतो आणि क्षणात पाणी फुटल्याचा आवाज होतो. एवढेच ऐकू येते. पाणी पुन्हा शांत.

तिची दुसरी खूण श्वासाची. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची खास पोकळी असते. ती थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा गिळते. वर येऊ दिले नाही, तर हा मासा पाण्यातच गुदमरतो. उलट, अंग ओले राहिले तर तो पाण्याबाहेर बराच वेळ जगतो. उन्हाळ्यात तलाव आटला तर मरळ चिखलात दबा धरून राहते आणि पावसाच्या पहिल्या झडीत ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाते. धानाच्या बांधीत मरळ कशी आली, याचे उत्तर हे आहे.

बारा महिन्यांचे वेळापत्रक

ढिवर, केवट, भोई हे येथले मासेमार समाज. त्यांचे वर्ष तलावाच्या पाण्याबरोबर चालते.

मृगाचा पाऊस पडला, काठावरचे कोरडे गवत पाण्याखाली आले की मरळीची जोडी उथळ भागात येते. गवत बाजूला सारून ती एक गोल मोकळी जागा करते. मादी तेथे अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात, रंग अंबरासारखा पिवळा. दीड-दोन दिवसांत पिले बाहेर येतात. थोड्याच दिवसांत ती तांबडी दिसू लागतात आणि शेकड्यांनी एकत्र गोळा होऊन फिरतात. पाळीवरून पाहिले तर पाण्यावर एक तांबडा डाग सरकताना दिसतो आणि त्यावर बुडबुडे उठत असतात, जणू तेवढ्याच जागेवर पाऊस पडतो आहे. त्या डागाच्या खाली आई-बाप असतात. पिलांच्या जवळ काहीही आले, बेडूक असो की माणसाचा हात, की ते त्याच्यावर तुटून पडतात.

येथेच मरळीचा घात होतो. पिले राखणारी मरळ पकडणे सर्वांत सोपे. गोळ्यावर गळ टाकला की ती भुकेने नव्हे, रागाने तोंड मारते. एका तासात एक मोठा मासा मिळतो, पण राखण गेल्यावर त्या तांबड्या गोळ्यातले फारच थोडे वाचतात. बगळे, पाणकावळे आणि दुसरे मासे त्याचा फडशा पाडतात. जुनी जाणती माणसे आषाढ-श्रावणात गोळ्यावर गळ टाकत नसत. हा नियम कोणत्याही फलकावर लिहिलेला नव्हता. जो पाळत नसे, त्याला चारचौघे बोल लावीत.

दिवाळीच्या सुमारास पाणी निवळते. ज्या तलावात शिंगाड्याचे वेल लावलेले असतात, तेथे शिंगाडे काढण्याची लगबग सुरू होते. वेलींवर काटे, पाण्यात गारठा आणि तासन्‌तास वाकून काम. उकडलेले काळे शिंगाडे आपण बाजारात सहज विकत घेतो, पण त्यामागे असे श्रम असतात.

थंडी हा मरळीच्या गळाचा काळ. गवतात जाळे चालत नाही. अडकते, फाटते. म्हणून दणकट बांबूची काठी, जाड दोरी आणि मजबूत गळ. गळाला जिवंत बेडकाचे पिल्लू किंवा लहान मासा लावतात आणि गवतातल्या मोकळ्या जागेवर पाण्याला जेमतेम टेकेल असा धरतात. पहाट आणि सांज या खऱ्या वेळा. मरळीने तोंड मारले की तिला क्षणभरही सैल सोडायचे नाही, कारण ती लगेच गवताच्या मुळाशी शिरते आणि दोरीला गुंता पडतो. मग मासाही गेला आणि गळही गेला. काही जण सांजेला काठाने गळ लावून ठेवतात आणि पहाटे पाहायला जातात. या मुलखात पहाटे एकट्याने जाणे जिवावरचे काम आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत वाघ अभयारण्यापुरता राहिलेला नाही, तो गावाच्या शिवारात फिरतो. तेंदूपाने आणि मोहफुले वेचणाऱ्यांप्रमाणेच मासेमारही त्याच्या वाटेत येतात.

उन्हाळ्यात पाणी पाळीजवळच्या खोलगट भागात गोळा होते. मग गावचे लोक एकत्र उतरतात. जाळी फिरतात, चिखलात हाताने चाचपून मासे काढले जातात, बुड नसलेली बांबूची टोपली माशावर दाबून वरच्या तोंडातून हात घालून तो पकडला जातो. अशा दिवशी पोरेही चिखलाने माखतात आणि घरोघरी रस्सा शिजतो.

बाजार आणि चूल

मासे पकडण्याचे काम पुरुषांचे मानले जाते, पण पैसा घरात आणतात त्या बायका. डोक्यावर टोपली घेऊन गुजरीला किंवा आठवडी बाजाराला जाणे, दर ठरवणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, उरलेली मासळी सुकवणे ही सारी कामे त्यांची. मरळ हवेत श्वास घेते, म्हणून ती घमेल्यातल्या वीतभर पाण्यात जिवंत राहते. रोहू-कतला दुपारपर्यंत नरम पडतात, मरळ मात्र संध्याकाळीही ताजी. म्हणून बर्फ परवडत नसलेल्या बाईला मरळ हा भरवशाचा माल आहे आणि तिला भावही अधिक मिळतो. गोदावरीपलीकडे तेलंगणात तर मरळीला इतका मान आहे की त्या राज्याने तिला राज्यमासा म्हणून निवडले आहे.

घरी आणल्यावर मरळ चुलीतल्या राखेने घासतात, म्हणजे बुळबुळीतपणा जातो आणि खवले नीट निघतात. कांदा, लसूण, तिखट, थोडा चिंचेचा कोळ किंवा हंगामात कच्ची कैरी घालून केलेला पातळ रस्सा आणि गरम भात, एवढे पुरे. तिच्या मांसात बारीक काटे नसतात, म्हणून लहान मुलांना निर्धास्त देता येते. आजारातून उठलेल्या माणसाला मरळीचा रस्सा देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. मलेशियातही बाळंतिणीला आणि शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हाच मासा खाऊ घालतात आणि जखम भरण्यावरील त्याच्या परिणामाचा तेथील शास्त्रज्ञांनी अभ्यासही केला आहे. हैदराबादला मात्र दर जून महिन्यात मरळीचे जिवंत पिल्लू औषधासह गिळायला दमेकऱ्यांची रांग लागते, तिला शास्त्राचा आधार नाही. मासा अन्न म्हणून उत्तम आहे. दम्यासाठी डॉक्टरकडेच जावे.

वाईट गवत, वाईट माणसे नव्हेत

आता तलावांची दुखणी पाहू. पहिले दुखणे बेशरमाचे. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे जांभळ्या फुलांचे झुडूप कुठेही उगवते, तोडले तरी फुटते, म्हणून त्याचे नाव बेशरम. ते विषारी असल्याने जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. काठाच्या उथळ भागात ते एकदा घुसले की चिला, देवधान, पोयणी यांना जागाच उरत नाही. मरळीचे घरटे जेथे व्हायचे तेथे बेशरमाचे रान माजते. दुसरे दुखणे जलपर्णीचे, जिला इकोर्निया म्हणतात. तीही दक्षिण अमेरिकेतलीच. गावचे, शहराचे सांडपाणी तलावात आले की ती फोफावते. पाण्यावर इतके दाट पांघरूण पडते की खाली उजेड पोचत नाही आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. हे दोन्ही हिरवे, चिलाही हिरवा. लांबून पाहणाऱ्याला सगळे सारखेच दिसते, म्हणून तलाव 'साफ' करण्याच्या नावाखाली कधी कधी चांगले गवतही उपटले जाते. यंत्राने गाळ काढताना काठाचा उतारही कापून तलावाची खोल टाकी केली, तर पाणी दिसते भरपूर, पण बीज धरायला जागा राहत नाही.

तिसरे दुखणे हिशेबाचे आहे. बहुतेक तलाव मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिले जातात. ठेक्याची रक्कम भरायची, तर रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडून वर्षभरात माल काढायला हवा. या हिशेबात बीज खाणारी मरळ शत्रू ठरते. मत्स्यशेतीच्या पुस्तकांत बीज सोडण्यापूर्वी असे शिकारी मासे मारून टाकायला सांगितलेले असते. त्यासाठी मोहाची पेंड हेक्टरी सुमारे २५०० किलो या प्रमाणात टाकतात, कारण ती माशांना विषारी असते. घराजवळच्या शेततळ्यात ही पद्धत योग्यच आहे. पण शेकडो वर्षांच्या तलावात, जेथे पाच-पंचवीस जातींचे मासे आपोआप वाढतात आणि ज्यांच्या बीजाला एक पैसा पडत नाही, तेथे हा हिशेब उलटा बसतो. बीज विकत घ्यावे लागते आणि फुकटची मासळी जाते. यात सोसायटीच्या सभासदांना दोष देऊन चालणार नाही. ज्याच्यावर ठेक्याची रक्कम भरण्याची वेळ येते, तो यंदाचे वर्ष पाहतो, दहा वर्षांनंतरचे पाहू शकत नाही.

चौथे दुखणे घाईचे. विजेचा झटका देऊन किंवा विष टाकून मासे मारणारे थोडे असतात, पण ते तलावातल्या अंड्यांपासून बेडकापर्यंत सगळे संपवतात. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे हा गुन्हा आहे. विजेचा झटका तर मारणाऱ्यालाही सोडत नाही.

रामाळ्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर येणाऱ्या आपल्या वाचकांनी एक तास काढून शहरातला रामाळा तलाव जरूर पाहावा. गोंड राजवटीतला हा तलाव परकोटाच्या आत आहे. सांडपाण्याने आणि इकोर्नियाने तो असा भरला की पाणी दिसेना. २०२१ च्या फेब्रुवारीत इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी या तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला. त्यानंतर तलाव रिकामा करून गाळ काढण्याचे काम झाले. जलपर्णी काढता येते. पण सांडपाणी येत राहिले तर ती परत येते. हा धडा सगळ्या शहरांच्या तलावांना लागू आहे.

दुसरे उदाहरण शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातले आहे आणि ते अधिक आशा देणारे आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजातल्या जुन्या मासेमारांना विचारून कोणता मासा कोणत्या वनस्पतीजवळ राहतो, कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर उगवते, याची नोंद केली. शाळा न शिकलेल्या माणसांचे ज्ञान कागदावर आले. मग गावच्या बायका आणि मासेमार तलावात उतरले. बेशरम मुळासकट उपटले. उन्हाळ्यात तळाचा कोरडा भाग नांगरला, जमीन मऊ केली आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती लावल्या. जसे धानाचे रोवणे, तसे गवताचे रोवणे! काही वर्षांत त्या तलावांमध्ये स्थानिक मासे वाढले, पाणपक्षीही आले. लाखोंची यंत्रे न लावता, गावच्याच मजुरीने आणि गावच्याच ज्ञानाने हे झाले.

साता समुद्रापलीकडे

मरळीसारखाच स्वभाव असलेला एक मासा उत्तर अमेरिकेत आहे. त्याला तेथे मोठ्या तोंडाचा बास म्हणतात. तोही गवताळ तळ्यात दबा धरून बसतो, तोही बेडकावर झेप घेतो आणि त्याचा नरही घरटे करून पिले राखतो. तेथे लाखो लोक हौसेने त्याला गळाने पकडतात आणि पुष्कळ जण पुन्हा पाण्यात सोडून देतात. काही भागांत घरट्याच्या हंगामात तो पकडायला कायद्याने बंदी असते. आपल्या जुन्या माणसांचा आषाढ-श्रावणाचा नियम आणि तिकडचा कायदा यांत फरक तो काय? फक्त एक तोंडी आणि दुसरा लेखी.

आणखी एक गोष्ट. २००२ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात मरळीच्या भावकीतला चीनकडचा एक मासा सापडला आणि मोठी खळबळ उडाली. तो तिथला नव्हता. स्थानिक मासे संपवील या भीतीने सरकारने ते तळे विष घालून निर्जीव केले. आपल्याकडे त्याची उलट बाजू आहे. आफ्रिकेतून आलेला, 'थाई मांगूर' म्हणून विकला जाणारा मासा भारत सरकारने २००० सालीच बंद केला. तरीही तो चोरून पाळला जातो. पुरात तो बाहेर पडला की आपल्या तलावांतल्या मासळीवर ताव मारतो. आपल्या घरच्या माशाला शत्रू म्हणायचे आणि परक्याला चोरवाटेने आत घ्यायचे, हा व्यवहार तोट्याचाच आहे.

तलाव कुणाच्या हातात?

कायदा येथे गावाच्या बाजूने उभा राहू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनोपजाबरोबरच पाणवठ्यांतली मासळी हाही सामूहिक हक्क मानला आहे. हा हक्क आदिवासींबरोबर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलावर अवलंबून असलेल्या इतर पारंपरिक वननिवासींनाही मागता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा देशाचे लक्ष तिकडे गेले. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. शिवाय गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने लहान पाणवठ्यांचे नियोजन पंचायतींच्या हाती दिले आहे. बांबू आणि तेंदूपानांसाठी ग्रामसभा हिशेब ठेवायला शिकल्या. तलावासाठीही त्या शिकू शकतात.

ग्रामसभेने काही साधे ठराव केले तरी पुष्कळ काम होईल. आषाढ आणि श्रावणात पिले राखणारी मरळ धरायची नाही. काठाचा उथळ भाग कोणी नांगरून शेतात घ्यायचा नाही. रोजगार हमीच्या कामात बेशरम मुळासकट काढायचे, पण चिला, पोयणी आणि देवधान राखायचे. गाळ काढताना काठाचा उतार तसाच ठेवायचा. सोसायटीने रोहू-कतल्याचे बीज सोडावे, पण तलावाचा एक कोपरा स्थानिक माशांसाठी मोकळा ठेवावा. हे ठराव करताना ढिवर घरातल्या म्हाताऱ्यांना आणि मासे विकणाऱ्या बायकांना सभेत पुढे बसवावे. कोणत्या महिन्यात कोणता मासा बाजारात यायचा आणि आता कोणता येत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

पाहायला जाणाऱ्यांसाठी

नागभीडजवळचा घोडाझरी आणि सावली तालुक्यातला आसोलामेंढा हे मोठे तलाव सहकुटुंब पाहण्याजोगे आहेत. पाऊस संपल्यानंतर, ऑक्टोबर ते जानेवारी, हा चांगला काळ. पाणी भरलेले, धान पिवळे, आणि पुढे थंडीत गावोगाव झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. ताडोब्याच्या तलावात मगरी आहेत आणि व्याघ्र प्रकल्पात मासेमारीला बंदी आहे, तेथे केवळ पाहावे. इतर ठिकाणी गळ टाकायचा असेल तर आधी सोसायटीला विचारावे. तो कुणाचा तरी ठेका असतो, कुणाची तरी चूल त्यावर पेटते. मुलांना पाळीवरून खाली एकटे सोडू नये, गवताखाली खोल किती ते कळत नाही. पहाटे किंवा सांजेला एकटे जाऊ नये.

आणि पावसाळ्यात गेलात, पाण्यावर तो तांबडा डाग सरकताना दिसला, तर मुलांना जवळ बोलावून दाखवा. खाली आई-बाप पहारा देत आहेत, हे सांगा. मग काठावरूनच पाहा आणि पुढे चला. माघ-फाल्गुनात तीच पिले बाजारात कुणा बाईच्या घमेल्यात येणार आहेत, आणि त्यांतली काही पुढच्या मृगात पुन्हा त्याच गवतात घरटे करणार आहेत.